गोथेनबर्गचे तेवीस गुडघे

६ ऑक्टोबर १९९४ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांचा सात पानांचा शोधनिबंध छापून आला. रुग्ण २३. सगळ्यात लहान १४ वर्षांचा, सगळ्यात मोठा ४८ चा. प्रत्येकाच्या गुडघ्यात कूर्चेला, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराला, खोल खड्डा पडलेला. डॉक्टरांनी त्याच गुडघ्यातल्या चांगल्या कूर्चेची चिमूटभर कात्रणं काढली, प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी वाढवल्या आणि खड्ड्यात परत सोडल्या. खड्डा मांडीच्या हाडाच्या टोकावर होता असे १६ जण. दोन वर्षांनी त्यांतल्या १४ जणांचा गुडघा चांगला किंवा उत्तम. खड्डा वाटीच्या मागच्या बाजूला होता असे ७ जण. त्यांतले चांगले किंवा उत्तम फक्त दोन.

जगभर गाजला तो पहिला आकडा. मी हे प्रकरण लिहायला घेतलं ते दुसऱ्यासाठी. पेशी वाढवायची रीत एक, पोषणद्रव एक, शस्त्रक्रिया करणारी मंडळी तीच. मग त्याच गुडघ्यात चार बोटं वर गेल्यावर सगळं का बिघडलं? प्रयोगशाळेत मानवी कूर्चा वाढवण्याच्या खटाटोपातलं जवळजवळ प्रत्येक अवघड वळण या एका प्रश्नात सापडतं.

आधी कूर्चा म्हणजे काय ते नीट बघू, कारण आपल्याकडे ‘गुडघ्याची गादी झिजली’ आणि ‘वंगण संपलं’ या दोन वाक्यांत पाच वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये चकतीसारख्या गाद्या असतात, त्या वेगळ्या. सांध्यातला चिकट द्राव वेगळा. इथे विषय आहे हाडाच्या टोकावर बसलेल्या थराचा. मटणाच्या नळीच्या टोकाला निळसर पांढरा, गुळगुळीत, बोट घसरेल असा थर दिसतो, तो. माणसाच्या मांडीच्या हाडावर तो साधारण दोन-तीन मिलिमीटर जाड असतो. त्याला काचाभ कूर्चा म्हणतात, काचेसारखी दिसते म्हणून.

या थरात रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. बहुतेक भाग पाणीच. ते पाणी धरून ठेवतात अ‍ॅग्रिकन नावाचे अजस्र रेणू, आणि त्या रेणूंना बांधून ठेवतं कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचं जाळं. कोलॅजेनचे प्रकार क्रमांकांनी ओळखतात; इथलं ते दुसऱ्या प्रकारचं. पेशी इतक्या विरळ की आकारमानाच्या एक-दोन टक्केच भरतील. प्रत्येक पेशी आपापल्या खोलीत कोंडलेली, शेजारणीची गाठ कधी पडत नाही. शेजारी कूर्चा फाटली तर तिला हलता येत नाही, आणि रक्तच नाही म्हटल्यावर गुठळी होणं, पेशी धावून येणं, खपली धरणं हे जखम भरण्याचं नेहमीचं सत्र सुरूच होत नाही. लंडनचे विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं की कूर्चा एकदा गेली की परत येत नाही. अडीचशे वर्षांनी गोथेनबर्गच्या लोकांना ते वाक्य खोडायचं होतं.

ती किती ‘परत येत नाही’ याचा सगळ्यात चमत्कारिक पुरावा अलीकडचा आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत उघड्यावर केलेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला आणि मग हळूहळू उतरला. कोणत्या वर्षी बनलेलं ऊतक आहे ते त्यावरून सांगता येतं. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये माणसांच्या गुडघ्यातल्या कूर्चेवर हा हिशोब लावला तेव्हा दिसलं की कोलॅजेनचं जाळं वाढीच्या वयात विणून होतं आणि पुढे जवळपास बदलतच नाही. चाळिशीतला माणूस पंधराव्या वर्षी विणलेल्या जाळ्यावर चालत असतो.

आता गोथेनबर्ग. लार्स पीटरसन हे अस्थिशल्यविशारद, खेळाडूंच्या, विशेषतः फुटबॉलवाल्यांच्या गुडघ्यांत बुडालेले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते न्यूयॉर्कला होते. तिथे सांध्यांच्या एका रुग्णालयात डॅनियल ग्रँड आणि मार्क पिटमन यांच्याबरोबर त्यांनी सशांवर काम केलं: सशाच्या गुडघ्यातून कूर्चापेशी काढायच्या, वाढवायच्या, त्याच सशाच्या गुडघ्यात केलेल्या खड्ड्यात भरायच्या. कल्पना त्यांचीच पहिली नव्हे. ऑड्री स्मिथ यांनी १९६५ मध्ये कूर्चेतून सुट्या जिवंत पेशी काढून दाखवल्या होत्या, आणि चेस्टरमन व स्मिथ यांनी १९६८ मध्ये अशा पेशी सशांत लावून बघितल्या होत्या. नीट जमलं नव्हतं. न्यूयॉर्कला पडलेला फरक असा की पेशी त्याच प्राण्याच्या होत्या आणि खड्ड्यावर हाडाच्या आवरणाचं झाकण शिवलेलं होतं. पेशींना किरणोत्सारी खूण करून ठेवली होती, आणि भरलेल्या खड्ड्यात नंतर ती खूण सापडली. म्हणजे टाकलेल्या पेशी निदान काही प्रमाणात तिथे टिकल्या होत्या. ही खूण लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

पेशी वाढवायचं कसब मात्र अस्थिशल्याच्या वाटेने आलं नाही, हे मला या प्रकरणातलं फार आवडणारं उपकथानक वाटतं. गोथेनबर्गमध्ये ओले इसाक्सन वाढीच्या संप्रेरकाचा अभ्यास करत होते. हे संप्रेरक हाडाच्या वाढपट्टीवर थेट काम करतं असं त्यांच्या गटाने १९८२ मध्ये दाखवलं. वाढपट्टी म्हणजे कूर्चाच. अँडर्स लिंडाल तिथेच उंदरांच्या वाढपट्टीतल्या पेशी काढून वाढवत होते, संप्रेरकाला त्या कसा प्रतिसाद देतात ते बघायला. म्हणजे मुलांची उंची कशी वाढते या प्रश्नासाठी घडवलेलं कसब खेळाडूंच्या गुडघ्यांच्या कामी आलं. पीटरसन, लिंडाल आणि मॅट्स ब्रिटबर्ग ही मंडळी एकत्र आली आणि १९८७ मध्ये पहिल्या रुग्णावर प्रयोग झाला.

बाटलीतले तीन आठवडे

दुर्बिणीतून गुडघ्यात शिरायचं. मांडीच्या हाडाच्या वरच्या, आतल्या कडेला, जिथे फारसं वजन येत नाही तिथून कूर्चेच्या पातळ चकत्या काढायच्या. सगळ्या मिळून ३०० ते ५०० मिलिग्रॅम. जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम. रुग्णाचं रक्तही घ्यायचं, कारण त्याचाच रक्तरस पेशींना खाऊ घालायचा आहे. वासराच्या गर्भाचा रक्तरस तेव्हा जगभरच्या पेशीप्रयोगशाळांत सर्रास वापरला जाई, पण परत माणसात जाणाऱ्या पेशींना गाईची प्रथिनं नकोत, असा गोथेनबर्गचा विचार.

चकत्या बारीक चिरायच्या. कूर्चा नुसती चिरून पेशी सुट्या होत नाहीत, भोवतालचं जाळं विरघळवावं लागतं. त्यासाठी कोलॅजिनेज हा विकर (एन्झाइम) लागतो, आणि तो मिळतो क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूंपासून. गॅस गँगरीनमध्ये मांस कुजवणाऱ्या जंतूंचं हेच कुळ. त्या जंतूंचं हत्यार उसनं घेऊन माणसाची कूर्चा रात्रभर ३७ अंशांवर मुरवायची. सोबत डीएनए तोडणारा दुसरा एक विकर, कारण या धांदलीत ज्या पेशी मरतात त्यांचं डीएनए शेंबडासारखं चिकट होऊन जिवंत पेशींना गुंडाळून टाकतं. हे छापील निबंधात एका ओळीत येतं. ज्यांनी कधी असं भांडं हलवून बघितलंय त्यांना त्या ओळीची किंमत कळते.

सकाळी गाळून, धुऊन जे हाती येतं ते म्हणजे काही लाख पेशी. त्या सपाट तळाच्या प्लास्टिकच्या बाटलीत हॅम्स एफ-१२ नावाच्या पोषणद्रवात सोडायच्या. त्यात जंतू मारायला जेंटामायसिन, बुरशी मारायला अँफोटेरिसिन, १५ टक्के रुग्णाचा रक्तरस आणि क जीवनसत्त्व. हे शेवटचं हौसेने घातलेलं नाही. कोलॅजेनची वीण पक्की व्हायला क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर जे खलाशांच्या हिरड्यांचं व्हायचं तेच बाटलीत होईल. आणि उबदार पाण्यात ते लवकर नासतं, म्हणून द्रव बदलताना ताजं घालत राहावं लागतं.

दोन-तीन दिवसांत पेशी तळाला चिकटतात. मग पसरतात. मग दुपटीने वाढू लागतात. बाटलीचा तळ भरला की ट्रिप्सिन या आणखी एका विकराने सोडवून मोठ्या बाटलीत. दोन ते तीन आठवड्यांनी शस्त्रक्रियेच्या दिवशी हातात २६ ते ५० लाख पेशी असतात, आणि त्या ५० ते १०० मायक्रोलिटर द्रवात, म्हणजे थेंब-दोन थेंबांत, एकवटलेल्या.

इथवर सगळं सुरळीत वाटतं. घरी विरजण लावणाऱ्याला यात नवल वाटणार नाही: थोडं मूळ, ऊब, खाद्य, वेळ. पण विरजणातला जंतू एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात कितीही वेळा गेला तरी दहीच लावतो. कूर्चापेशीचं तसं होत नाही. बाटलीत वाढता वाढता आपण कूर्चेच्या आहोत हेच ती विसरते.

विसरलेली पेशी

मूळ जागी कूर्चापेशी गोल असते, आपल्या खोलीत कोंडलेली, आणि तिचं विभाजन जवळजवळ होतच नाही. बाटलीच्या तळाला ती चिकटते तेव्हा चपटी होते, हातपाय पसरते, चांदणीसारखी दिसू लागते. क्लाउस फॉन डेर मार्क आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये कोंबडीच्या पेशींवर दाखवलं की हा आकार बदलला की उत्पादनही बदलतं. दुसऱ्या प्रकारचं कोलॅजेन बंद पडतं आणि पहिल्या प्रकारचं सुरू होतं. पहिल्या प्रकारचं कोलॅजेन हे कातडीचं, कंडरांचं, जखमेच्या वणाचं. म्हणजे आपण बाटलीत कूर्चापेशींची संख्या वाढवत बसतो आणि मिळतात वणपेशींसारख्या पेशी. जितकी जास्त वाढ, तितका विसर जास्त. वाढवायचं तर चपटं होऊ द्यावं लागतं आणि चपटं झालं की स्वभाव जातो. एकाच दोरीची दोन टोकं आहेत ती.

सुटकेची वाट १९८२ मध्ये पॉल बेन्या आणि जॉय शेफर यांनी दाखवली. चपट्या झालेल्या, विसरलेल्या सशाच्या पेशी त्यांनी अ‍ॅगरोजच्या जेलीत लोंबकळत्या ठेवल्या. अ‍ॅगरोज म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात चायना ग्रास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समुद्री शेवाळाच्या पदार्थाचाच शुद्ध केलेला भाग. जेलीत चिकटायला तळ नाही, पसरायला जागा नाही. पेशी पुन्हा गोल झाल्या आणि पुन्हा दुसऱ्या प्रकारचं कोलॅजेन बनवू लागल्या. विसरणं कायमचं नव्हतं. पेशीला पुन्हा कोंडलं की तिला आठवतं.

गोथेनबर्गच्या प्रयोगाचा अख्खा जुगार या एका शोधावर उभा आहे. त्यांनी पेशी बाटलीत चपट्या वाढवल्या आणि जेलीत ठेवून आठवण करून देण्याचं काम गुडघ्यावर सोपवलं. खड्ड्यात दाटीवाटीने, झाकणाखाली, सांध्याच्या द्रवात आणि दाबात त्या पुन्हा गोल होतील, असा भरवसा. मला हा भरवसा धाडसी वाटतो. चुकीचा होता असं म्हणणार नाही. पण ‘प्रयोगशाळेत कूर्चा वाढवली’ असं वर्तमानपत्री भाषेत आपण म्हणतो तेव्हा तिथे कूर्चा वाढलेलीच नसते. वाढलेल्या असतात एकेकाळी कूर्चेच्या असलेल्या पेशी. कूर्चा झालीच तर नंतर, गुडघ्यात, कोणी बघत नसताना.

शस्त्रक्रिया थोडक्यात. गुडघा उघडायचा, दुर्बिणीने हे तेव्हा होत नसे. खड्ड्याच्या कडा सरळ कापून काढायच्या, पण तळाच्या हाडातून रक्त येऊ द्यायचं नाही. नडगीच्या हाडाच्या वरच्या भागावरून आवरणाचा तुकडा सोलून घ्यायचा, तो खड्ड्यावर बारीक टाक्यांनी शिवायचा, वाढ करणारी बाजू आत ठेवून. मग एका कोपऱ्यातून पेशींचे ते एक-दोन थेंब आत सोडायचे. नंतर कित्येक आठवडे कुबड्या, गुडघा हलवायचा पण भार हळूहळू वाढवायचा.

आकडे पुन्हा एकदा

खड्डे १.६ ते ६.५ चौरस सेंटिमीटरचे होते. मोठा खड्डा रुपयाच्या नाण्याहून मोठा. तीन महिन्यांनी दुर्बिणीने बघितलं तेव्हा भरलेली जागा भोवतालच्या पातळीला आली होती, पण टोचल्यावर खरवसासारखी मऊ, आणि कडा ओळखू येत होत्या. पुढच्या तपासणीत बऱ्याच जणांत ती घट्ट झालेली. सुरुवातीला गुडघा अडकणं सगळ्यांचंच थांबलं, दुखणं आणि सूज कमी झाली. मांडीच्या हाडाच्या १६ पैकी दोघांची भरलेली जागा मधोमध झिजली आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. वाटीच्या सातपैकी दोन चांगले किंवा उत्तम, तीन जेमतेम, दोन वाईट.

मग सुईने काढलेले नमुने. मांडीच्या हाडाच्या १५ नमुन्यांपैकी ११ काचाभ कूर्चेसारखे दिसले. वाटीच्या सातांतला एक.

इथे थांबायला हवं. वाटीच्या रुग्णांना नुसतं दुखतच होतं असं नाही, सातांतल्या सहांत काचाभ कूर्चा झालीच नव्हती. म्हणजे पेशींना आठवलंच नाही. का? वाटीमागची कूर्चा शरीरातली सगळ्यात जाड. जिना उतरताना, उकिडवं बसताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट दाब येतो, आणि तो सरळ न येता घासत, सरकत येतो. वाटीची चाल जर मुळातच वाकडी असेल, म्हणजे ती मांडीच्या हाडाच्या खोबणीत बाहेरच्या बाजूला ओढली जात असेल, तर जुनी कूर्चा ज्या कारणाने फाटली तेच कारण नव्या मऊ थरालाही फाडणार. पहिल्या रुग्णांत खड्डा भरला. खड्डा पडण्याचं कारण तसंच राहिलं. पीटरसन यांनी पुढे वाटीची चाल त्याच वेळी सरळ करायला सुरुवात केली. २००० साली त्यांनी दोन ते नऊ वर्षांचे निकाल छापले त्यात मांडीच्या हाडाच्या एकट्या खड्ड्यांत ९२ टक्के चांगले किंवा उत्तम, वाटीत ६५ टक्के. अंतर उरलं, पण सातांत दोनपेक्षा हे फारच बरं. पेशी वाढवण्याची रीत बहुतांशी तीच होती.

म्हणूनच मला वाटतं की १९९४ च्या निबंधाचं सगळ्यात मोलाचं पान हे अपयशाचं आहे. त्या सात जणांना लेखकांनी सोळांत मिसळून टाकलं असतं तर २३ पैकी १६ असा सभ्य आकडा आला असता आणि कोणाला काही कळलं नसतं.

दुसरी बाजू मात्र त्यांनी मोकळी ठेवली, आणि ती मोठी होती. तुलनेला कोणीच नव्हतं. हाडाचं आवरण स्वतःच कूर्चा बनवू शकतं हे तेव्हा माहीत होतं. मग नुसतं झाकण शिवून, आत पेशी न सोडता काय झालं असतं? सशांत खूण केलेल्या पेशी सापडल्या होत्या. माणसात ती सोय नाही: पेशी त्याच माणसाच्या, आवरण त्याचंच, तळच्या हाडातून चुकून रक्त आलं तर तेही त्याचंच. भरलेल्या खड्ड्यातला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला तरी यातली कुठली पेशी बाटलीतून आली हे सांगता येत नाही. स्वतःच्या पेशी वापरण्याचा मोठा फायदा म्हणजे शरीर त्यांना परकं मानत नाही. तोटा असा की संशोधकही त्यांना ओळखू शकत नाही.

१९९७ मध्ये बॉस्टनच्या एका गटाने कुत्र्यांवर हेच तीन प्रकारे केलं: पेशी आणि झाकण, नुसतं झाकण, आणि नुसता उघडा खड्डा. वर्ष-दीड वर्षाने तिन्हींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. अर्थात कुत्र्याला कुबड्या देता येत नाहीत, हे सांगायला हवं.

माणसांतली एक खणखणीत तुलना नॉर्वेतून आली. गुन्नार नुटसेन आणि सहकाऱ्यांनी ८० रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. ४० जणांना वाढवलेल्या पेशी. ४० जणांना दुर्बिणीतून तळाच्या हाडाला बारीक भोकं पाडण्याचा उपाय, ज्यात मज्जेतलं रक्त वर येऊन गुठळी धरते आणि तंतुकूर्चा, म्हणजे काचाभ कूर्चेऐवजी वणासारखी तंतुमय कूर्चा, बनते. हा दुसरा उपाय अमेरिकेतल्या रिचर्ड स्टेडमन यांनी रूढ केलेला, स्वस्त, एकाच बैठकीत संपणारा, बाटली नाही की तीन आठवडे नाहीत. २००४ मध्ये दोन वर्षांचे निकाल आले: दोन्ही गटांत सुधारणा, नमुन्यांत ठाम फरक नाही. पाच वर्षांनी प्रत्येक गटात नऊ-नऊ अपयशी. सुमारे पंधरा वर्षांनी पेशींच्या गटात १७ आणि भोकांच्या गटात १३. एवढ्याशा संख्येत हा फरक फरक म्हणता येत नाही, पण तो पेशींच्या बाजूचा तर नक्कीच नव्हता.

दरम्यान बेल्जियमच्या लोकांनी प्रश्न पुन्हा बाटलीकडे नेला होता, आणि ते योग्यच होतं. फ्रान्चेस्को देल’आक्चो आणि ल्यूव्हेनमधल्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा जनुकीय खुणा शोधल्या ज्यावरून वाढवलेल्या पेशींना कूर्चा बनवणं किती आठवतंय ते आधीच सांगता येईल. मोजून न बघता ‘पेशी पन्नास लाख झाल्या’ एवढ्यावर समाधान मानणं म्हणजे पोतं भरलं की धान्य चांगलं म्हणण्यासारखं. खुणांवर निवडलेल्या पेशी घेऊन ११८ रुग्णांवर हाडाच्या भोकांशी तुलना झाली; २००८ मध्ये छापलेल्या निकालात वर्षभरानंतरच्या नमुन्यांत पेशींच्या गटाची कूर्चा सरस दिसली. हे उत्पादन २००९ मध्ये युरोपीय संघाने प्रगत उपचारांच्या नव्या नियमांखाली मान्य केलेलं पहिलं ठरलं. २०१६ मध्ये ते बाजारातून मागे घेण्यात आलं. कूर्चा बरी होती. धंदा जमला नाही.

अमेरिकेतली गोष्ट आधीच पुढे गेली होती. जेन्झाइम कंपनीने गोथेनबर्गची रीत उचलली, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये पेशी वाढवून कार्टिसेल नावाने रुग्णालयांना पाठवायला सुरुवात केली. औषध म्हणावं तर रुग्णाचाच ऐवज, शस्त्रक्रिया म्हणावी तर मध्ये कारखाना. तिथल्या औषध प्रशासनाकडे अशा गोष्टीसाठी चौकटच नव्हती, ती बनवावी लागली. ऑगस्ट १९९७ मध्ये परवाना मिळाला, पुढचे अभ्यास करण्याच्या अटीवर, आणि फक्त मांडीच्या हाडाच्या खड्ड्यांसाठी. वाटी वगळली. गोथेनबर्गच्या सात जणांचा असा उपयोग झाला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं फार उत्तरेचं वाटत असेल तर एक सांगतो: मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेस या कंपनीची पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा लोणावळ्याला आहे, आणि तिथल्या कूर्चापेशींना भारताच्या औषध महानियंत्रकांची मान्यता २०१७ मध्ये मिळाली. चिक्की घ्यायला थांबतो त्या गावात कोणाच्या तरी गुडघ्याच्या पेशी ३७ अंशांवर पसरत असतात. या उपचाराची चौकशी करणाऱ्याने हेही लक्षात घ्यावं की हा उपाय धडक, पडणं, खेळातली इजा अशाने पडलेल्या मर्यादित खड्ड्यांसाठी आहे. साठीत दोन्ही बाजूंची कूर्चा सरसकट घासून गेली असेल, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसतं ‘गुडघे गेले’ म्हणतात, तिथे पेशी टाकायला कड असलेला खड्डाच शिल्लक नसतो.

आज झाकणासाठी हाडाचं आवरण बहुतेक कोणी सोलत नाही. ते पुढे फुगायचं, सांध्यात अडकायचं, मग दुर्बिणीने छाटावं लागायचं. त्याजागी डुकराच्या कोलॅजेनचं पातळ पापुद्र्यासारखं पटल वापरतात. पेशी त्याच्यावरच पेरून आणायच्या, चौरस सेंटिमीटरला किमान पाच लाख, खड्ड्याच्या मापाने पटल कापायचं आणि फायब्रिनच्या, म्हणजे रक्ताच्या गुठळीतल्या प्रथिनाच्या, गोंदाने चिकटवायचं. अमेरिकेत याला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. ज्या मुख्य तुलनेवर ती मान्यता उभी आहे तिच्यात १४४ रुग्ण होते, एका गटाला पटल, दुसऱ्याला हाडाची भोकं. खड्डा तीन चौरस सेंटिमीटर किंवा मोठा असला तरच प्रवेश, आणि दोन वर्षांनी दुखण्यात व हालचालीत पटलाचा गट पुढे. हे खड्डे सगळे मांडीच्या हाडाच्या टोकांवरचे आणि खोबणीतले होते. परवान्यावर मात्र या वेळी ‘मांडीच्या हाडाचे’ असं लिहिलेलं नाही. तिथे ‘गुडघ्याचे’ असं आहे, आणि गुडघ्यात वाटी येते.